गप्प बसायची शिकवणी

आमच्या शहरात समुद्र नाही, ही बातमी मला आजवर निदान शंभर जणांनी दिली आहे. सुरात अशी काळजी, जणू कालपर्यंत तो हर्सूलच्या तळ्यापलीकडं होता आणि मीच कुठंतरी ठेवून विसरले. लेक मर्चंट नेव्हीत गेली तेव्हापासून हे चालू आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं, "म्हणून तर तिला जावं लागलं. इथं असता तर घरूनच डबा दिला असता."

माझे धाकटे दीर या शंभरांत पहिले. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा व्यापार. लेक दीड वर्ष जहाजावर कॅडेट होती. गंज खरवडायचा, रंग फासायचा आणि प्रत्येक कामाखाली अधिकाऱ्याची सही घ्यायची. परत आली तेव्हा तिचे तळहात बघून भावजी म्हणाले, "वहिनी, एवढंच करायचं व्हतं तर माझ्या गोदामाचं शटर व्हतं की."

मग अधिकारी होण्याची परीक्षा आली. लेखी पेपर सुटले. तोंडी परीक्षेत मात्र ती आपटली. मुंबईहून आली ती थेट स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभी राहिली.

प्रश्न सोपा होता. समुद्रात दोन जहाजं एकमेकांची वाट कापत असतील, तर ज्याच्या उजवीकडं दुसरं जहाज दिसतं त्यानं बाजूला व्हायचं. दुसऱ्यानं दिशा बदलायची नाही, वेगही नाही. तेच डळमळलं तर बाजूला होणाऱ्यानं जावं कुठं? परीक्षकानं दुसरं जहाज हिच्या डावीकडं ठेवलं. ही म्हणाली, मी सरळ जाईन. बरोबर उत्तर. परीक्षक बोलला नाही, चष्म्यावरून नुसता बघत राहिला.

"मग?"

"मग मी म्हटलं, नाही सर, वळेन."

"अगं, कशाला?"

"तो बघत होता, आई."

परत नापास झाले तर हे सोडून बँकेची परीक्षा देईन, असंही म्हणाली. बँकेशी माझं वैर नाही. पण एका माणसानं बघितलं म्हणून कुणी बँकेत जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी बैठकीतली सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर समुद्र मांडला. चपला म्हणजे जहाजं. प्रत्येकीच्या डाव्या कडेला लाल चिमटा, उजव्या कडेला हिरवा, जहाजाच्या दिव्यांसारखे. मी नवऱ्याचा लग्नातला कोट चढवला आणि परीक्षक झाले. शाळेच्या स्नेहसंमेलनात रावण केलेली बाई आहे मी. गरजले, पुस्तक आपटलं, "तुला कुणी जहाजावर घेतलं?" म्हणून कोट उडवत फेऱ्या मारल्या. लेक हसत हसत एकूण एक उत्तर बरोबर देत राहिली. माझ्या ओरडण्याची तिला जन्मापासून सवय. काडीचा उपयोग झाला नाही.

रविवारी भावजी कांद्याची गोणी घेऊन आले. बाहेर काढलेली चप्पल थोड्या वेळानं त्यांना बैठकीत दिसली.

"माझी चप्पल मधी कशाला?"

"तेलाचं जहाज आहे काका, हलवू नका."

मी सगळा प्रकार सांगितला. एरवी त्यांनी शटरवर आणखी एक टोला मारला असता. त्या दिवशी खाली बसले.

"वहिनी, तुम्ही लई बोलता. बोलून भाव पडत नाय. लिलावात बोली ठरली, ट्रॉली माझ्या गोदामापुढच्या खळ्यावर रिकामी व्हायला लागली, की मी एक कांदा उचलतो. पापुद्रा काढतो. शेतकऱ्याकडं बघतो. बास. तो स्वतःच म्हणतो, बरं शेठ, थोडं कमी धरा."

"हे पाप आहे, भावजी."

"व्हय, हाय. पण जमतं मला." मग पुतणीकडं वळून म्हणाले, "फुलंब्रीकडची एक म्हातारी तेवढी भेटली. मी तिच्याकडं बघतोय, ती माझ्याकडं. पापणी हलंना. तिला पुरा भाव दिला."

त्या दिवसापासून दर रविवारी शिकवणी. पुस्तकातला प्रश्न मी वाचायची, लेक उत्तर द्यायची, भावजी कांदा उचलायचे. पहिल्या रविवारी पापुद्रा निघायच्या आत लेक म्हणाली, "नाही काका, वळते."

भावजींनी कांदा खाली ठेवला. "गेला भाव."

दुसऱ्या रविवारी अर्ध्या कांद्यापर्यंत टिकली. तिसऱ्या रविवारी रडली आणि मी शिकवणी बंद करायला निघाले, तर तीच म्हणाली, "आई, तू मध्ये पडू नको. काका, दुसरा घ्या." चौथ्या रविवारी त्यांनी अख्खा कांदा सोलला. ती बघत बसली. शेवटी भावजींचेच डोळे वाहायला लागले आणि ते तोंड धुवायला मोरीत गेले.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला.

"तोच परीक्षक होता. तोच प्रश्न. सरळ जाईन म्हटलं आणि बसले. तो बघत होता. पंखा आवाज करत होता, तो ऐकला. मग म्हणाला, पुढचा प्रश्न."

"म्हणजे पास?"

"पास."

भावजी यार्ड सोडून सकाळीच आले होते; शेजारीच उभे, कान फोनकडं. मला काय सुचलं कोण जाणे, परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "नक्की?"

पलीकडून उत्तर नाही. मीही बोलले नाही. मागं कुणीतरी टॅक्सीला हाक मारत होतं. भावजी ओठ दाबून माझ्याकडं बघत होते. मी आणखी थोडी थांबले, आणखी थोडी, आणि मग नाही राहवलं.

"बरं बाई," मी म्हटलं, "पास."