कुडपणची सहावी नळी

कापडे गावचा बुद्धरत्न महाडच्या दवाखान्यात रक्त तपासायला लागला त्याला एकोणीस वर्षं झाली. बोलायला कमी, हाताला सावकाश. डोंगरातल्या गावांचं रक्त बर्फाच्या डब्यातून त्याच्या टेबलावर येई. आपल्या हातचा कागद आजवर खोटा ठरलेला नाही, याचा त्याला अभिमान होता. जरा शंका आली की तो नमुना पुन्हा मागवी.

घाटातल्या कुडपण गावच्या रक्ताची त्याला नेहमीच शंका येई. गोठलेलं रक्त यंत्रात फिरवलं की वर पाणी सुटतं, भाताच्या पिकल्या काडीच्या रंगाचं. पण जीप घाटातल्या खड्ड्यांतून आदळत आली की रक्त नळीतल्या नळीत फुटतं आणि ते पाणी आमसुलाच्या पाण्यासारखं लाल होतं. मग त्याचे आकडे धरता येत नाहीत. "रस्त्यानं फुटलं," एवढंच बुद्धरत्न म्हणे, आणि लिही: नमुना खराब, परत पाठवा.

यंदा कार्तिकात, भाताची झोडणी चालू असताना, कुडपणच्या सहा गरोदर बायांचं रक्त आलं. त्यांतली रेश्मा एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. चिठ्ठीवर तिचं प्रेशर होतं दीडशे-शंभर. तिची नळी लाल निघाली. अकरा वाजता बुद्धरत्नाने नेहमीची ओळ लिहिली आणि तो पुढच्या कामाला लागला.

एक वाजता नळ्या आवरताना सहाही जणींच्या नळ्या खिडकीच्या उजेडात एका रांगेत आल्या. पाच पिवळ्या, एक लाल. त्याचा हात थांबला. डबा एक, जीप एक, खड्डे तेच. रस्त्यानं फुटायचं तर सगळ्यांचंच फुटलं असतं. हे रक्त वाटेत फुटलेलं नव्हतं. ते रेश्माच्या अंगातच फुटत होतं.

त्याने तिची जांभळ्या बुचाची दुसरी नळी यंत्राला लावली. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात. होत्या अठ्ठावन्न हजार. लाल पाण्यात युरिक ॲसिड पाहिलं, ते दुपटीला गेलेलं. खड्ड्यांनी युरिक ॲसिड वाढत नाही. प्रेशर चढलेल्या गरोदर बाईचं रक्त अंगातच फुटतं, यकृत दुखावतं, मूत्रपिंडं थकतात, रक्ताची गोठायची ताकद जाते, हे त्याने वाचलं होतं. हाताखाली आलं ते आज.

डॉक्टरांना कळवून त्याने कुडपणहून रक्त पाठवणाऱ्या आशाताईला, मंजुळाला, फोन लावला. तिसऱ्या खेपेला रेंज मिळाली.

"तुमचा निरोप मला ठाव हाय, दादा," मंजुळा म्हणाली. "रक्त बिघडलं, परत पाठव. पोरीच्या दंडाला सुई टोचायला जागा नाय उरली. एक दिवस तुम्हीच बसा त्या जीपमध्ये, नळी मांडीवर घेऊन."

"रक्त नको गो पाठवू. तिलाच पाठव. आत्ता."

पलीकडचा भात झोडल्याचा आवाज मागे पडला; मंजुळा फोन घेऊन बाजूला आली.

"बरगडीखाली दुखतंय तिच्या," मंजुळा हळू म्हणाली. "दोनदा ओकली. सासू म्हणते पित्त हाय. सकाळपासून लिंबाचं पाणी पाजतेय."

"पित्त नाय ते. जीपनं खाली उतरा. पोलादपुरातून ॲम्ब्युलन्स वर निघतेय, वाटेत गाठ पडेल."

चार वाजता रेश्मा महाडात पोचली. तिला सलाईन लावून तसंच पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. रेश्मा वाचली. मुलगी दोन दिवस जगली.

पंधरा दिवसांनी रेश्माचं रक्त पुन्हा पाहायचं होतं. तिला बाहेर बाकावर बसवून तिची सासू ठमाबाई खिडकीशी आली.

"तो फोन तुम्हीच केला ना, बाबा?"

"हो."

तिने हात जोडले, तसा बुद्धरत्न घाईने म्हणाला, "मावशी, आधी ऐका. नळी अकरालाच माझ्या हातात होती. मी रस्त्याला दोष दिला आणि बाजूला ठेवली. फोन केला एकला."

"दोन तास."

"दोन तास."

"तेवढ्यात नात वाचली असती?"

"ठाऊक नाय."

ठमाबाईचे हात खाली आले. तिने खिडकीचा गज धरला.

"मी सकाळभर लिंबू पिळत व्हते," ती म्हणाली. "माझे तास कोन मोजनार?" आणि मग, बाकाकडे नजर टाकून, "यातलं तिला आज नका सांगू. मी सांगन. तिला सोसवंल तवा."

बुद्धरत्नाने रेश्माला आत घेतलं. तिचा दंड अजून काळानिळा होता, म्हणून त्याने मनगटाच्या मागची शीर शोधली. रेश्मा भिंतीकडे तोंड करून बसली होती.

अर्ध्या तासात आकडे आले. प्लेटलेट दोन लाख दहा हजार, युरिक ॲसिड खाली उतरलेलं. कागद एरवी खिडकीतून द्यायची रीत. तो बाहेर गेला, बाकावर दोघींच्या शेजारी बसला, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून रेश्माला वाचून दाखवू लागला.