तिकडची दिवेलागण

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या मावशींचं नाव मी विचारलं नाही. भर दुपारी त्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून लेकीशी बोलत होत्या. लेक परदेशात, कुठल्याशा बेटावर समुद्रकाठी राहणारी. तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. बोलता बोलता तिच्या घरातली लाईट गेली आणि पडदा काळा झाला.

"ठेवू का, आई?"

"ठिवू नगंस. घरात येकटीच हायस. मी हाय हितं."

मावशी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मध्येच मला म्हणाल्या, "आमच्या सणसरला सारखी लाईट जाती. पोरीनं तरी उजेडात नांदावं म्हणून येवढ्या लांब दिली."

सणसर जवळ आलं तेव्हा पडदा उजळला. मावशींनी घाईनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून हात जोडले, तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर जोडतात तसे. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे; लाईट कधी गेली न् कधी आली, कुणाला कळतही नाही.

मी पडद्याकडे पाहिलं. लेकीचा चेहरा नव्हता. वर फिरू लागलेला पंखा दिसत होता, आणि कडेला जोडलेल्या हातांची बोटं. तिनंही मोबाईल खाली ठेवला होता.