पिकलेल्या चिकूला दहा गुण

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजायला नको. शेजाऱ्याने एकदा आमच्या कुंपणाचा खांब वीतभर आत सरकवला होता. त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरचं लग्नाचं आमंत्रण येतं, मी जाते, पोटभर जेवते आणि येताना त्या खांबाकडे बघत येते.

डहाणूत आमची चिकूची वाडी आहे आणि वाडीतल्याच पत्र्याच्या खोलीतून मी एक त्रैमासिक काढते. जुने कॉम्प्युटर, टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम, कॅसेटवरून मशीनमध्ये चढवायचे प्रोग्राम, असा सगळा त्याचा संसार. बत्तीस पानं. तलासरीच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रती काढायच्या, मधोमध दोन पिना मारायच्या आणि पोस्टात टाकायच्या. वाचक थोडे आहेत, पण खडूस आहेत. एका अंकात कुठल्याशा मशीनच्या मेमरीचा आकडा चुकला, तर वरोरच्या एका गृहस्थांनी सुक्या बोंबलाच्या पिशवीतून मला दुरुस्तीची चिठ्ठी पाठवली होती. घरात मात्र या सगळ्याला ‘डबडी’ म्हणतात.

हा नाद लावला आमच्या शाळेतल्या बाईंनी. त्या गणित शिकवायच्या. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला तेव्हा त्याला हात लावायला कुणी धजेना, तर बाईंनी खोलीची किल्ली मागून घेतली. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. मशीनवर प्लास्टिकची खोळ, दसऱ्याला तिच्यावर झेंडूची माळ. त्या खोलीत बाईंनी स्वतः एक गेम लिहिला. वरून चिकू पडायचे आणि खाली जाळी सरकवून ते झेलायचे. कच्चा झेलला की दहा गुण. पिकलेला झेलला की दहा गुण वजा, कारण पिकलेला वटवाघळाला सोडायचा असतो. आम्ही सगळ्या वाडीतल्याच पोरी, त्यामुळे हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या कपाटात त्या गेमची कॅसेट सापडली. प्रोग्राम लिहिलेली वही वाळवीने केव्हाच खाल्ली होती, म्हणजे तो गेम आता जगात तेवढ्याच एका फितीवर होता. बाईंनी कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सांभाळ.” मी अंकात दोन ओळींची बातमी दिली, की कॅसेट मिळाली आहे, सविस्तर लेख लवकरच.

ती बातमी वाचून शहरातून एक संग्राहक आला. जुन्या मशीनच्या बाबतीत त्याचा इंटरनेटवर मोठा बोलबाला आहे. त्याने माझ्या खोलीत बसून मागचे सगळे अंक चाळले आणि असं काम देशात दुसरीकडे कुठे होत नाही म्हणाला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. माझ्या कॅसेट प्लेअरचा पट्टा तुटलेला होता. त्याच्याकडे म्हणे उत्तम यंत्रं होती, आठ दिवसांत प्रत काढून परत करणार होता. ‘कॅसेट हातची सोडण्याआधी तिची प्रत काढा’ असं मी दर अंकात शेवटच्या पानावर चौकटीत छापते. तरी मी ती कॅसेट त्याला दिली. बाईंना विचारलंही नाही.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. मग एक दिवस तो गेम फोनवर खेळायला मिळू लागला. त्याने तो नव्याने बांधला होता, रंगीत केला होता, आणि आपण तो शाळकरी वयात लिहिला होता असं खाली ठोकून दिलं होतं. मी फोन केला तर हसून म्हणाला, “ताई, तुमची कॅसेट वेगळी. ती शोधतोय. चिकूचा गेम काय एकीनेच लिहायचा का?”

बाईंना गेम चोरीला गेल्याचं सांगितलं, कॅसेट मीच दिली हे नाही. त्या म्हणाल्या, “जाऊ दे गं.” मला नाही जाऊ देता आलं. गेमवर बाईंचं नाव लागलंच पाहिजे आणि त्याचं नाक कापलंच पाहिजे, या दोनच गोष्टी मला दिसत होत्या. खरं सांगायचं तर त्यातली दुसरी जास्त दिसत होती. पण पुरावा कुठे होता? आम्ही वर्गातल्या मुली, त्याच्यापुढे आमचा शब्द तो काय.

मग मी दात-ओठ खात तो फोनवरचा गेम खेळायला बसले आणि पहिल्याच फेरीत थांबले. पिकलेला चिकू झेलला तर दहा गुण मिळाले. कच्च्याचे कापले गेले. खाली त्याने मोठ्या नम्रतेने लिहिलं होतं, की लहानपणी त्याच्या हातून एक चूक राहिली होती, पिकलेल्या फळाला गुण कापले जात होते, ती आता सुधारली आहे. मी खोलीत एकटीच खूप वेळ हसले. चोराने चोरी केली ती केली, वर घरमालकाची चूक काढली.

नव्या अंकाच्या प्रकाशनाला मी त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. पत्र असं लिहिलं, की वाचताना माझ्याच तोंडाला साखर लागली. सकाळचा कार्यक्रम, डहाणूतला एक छोटा हॉल. वाचकांना बोलावलं आणि सोबत खास निवडून वीस-पंचवीस चिकूवाले बोलावले. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

तो भाषणाला उठला आणि मी न विचारताच त्या चुकीवर आला. बालपण, निरागसता, मग अनुभवाने आलेली समज, असं बरंच बोलला. बोलून झाल्यावर गंजाडचे एक म्हातारे बागायतदार उभे राहिले.

“दादा, एक विचारू? तुमच्या वाडीत पिकलेला चिकू झाडावरून काढतात का?”

“अर्थात. पिकल्यावरच काढणार ना?”

हॉलमध्ये आधी कुणीतरी खोकलं. मग मागून हसू फुटलं ते पार पुढे आलं. म्हातारे शांतपणे म्हणाले, “चिकू कच्चाच काढायचा, मग घरात पिकवायचा. झाडावर पिकला तो वटवाघळाचा. हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं.”

मग बाई उठल्या. मी त्यांना त्या आवाजात कित्येक वर्षांनी ऐकलं. “पिकलेल्याला गुण वजा, ही चूक नव्हती. तो नियम होता. मी घातला होता.” एवढंच बोलून त्या बसल्या. माझ्या वर्गात होत्या त्यातल्या चार-पाच जणी आल्या होत्या, त्याही उठून उभ्या राहिल्या. तो पाणी प्यायला, पुन्हा प्यायला. मी गोड आवाजात म्हटलं, “जेवून जा हं.” तो जेवला नाही. मी दोन वेळा वाढून घेतलं. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही, तसा आनंद मला मुलीच्या निकालालाही झाला नव्हता.

आठवड्यात फोनवरच्या गेमवरून त्याचं नाव गेलं आणि बाईंचं लागलं. मी वाडीत पेढे वाटले. त्याच आठवड्यात पोस्टाने कॅसेट आली, सोबत चिठ्ठी नाही. प्लेअरला नवा पट्टा मी तोवर घातला होता. कॅसेट लावली. प्रोग्रामच्या कॅसेटमधून कर्कश चिरका आवाज येतो, कानाला नको होतो, पण तोच तर प्रोग्राम असतो. यातून काहीच आलं नाही. उलटी बाजू लावली, तिकडेही नुसती सरसर. मग मी ती हातात घेऊन नीट पाहिली. कॅसेटच्या पाठीवरचे दोन छोटे कान तोडले की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. बाईंनी ते केव्हाच तोडले होते. त्या दोन भोकांवर आता नवी कोरी चिकटपट्टी लावलेली होती. त्याने सावकाश, नीट बसून ती पुसली होती. मी चिडते तेव्हा हातातलं फेकते, पण ती कॅसेट मला फेकताही येईना.

बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, कॅसेट त्यांना न विचारता दिली तिथपासून. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्या नावाचा तो गेम दाखव बघू.” शहात्तर वर्षांच्या बाई माझ्या फोनवर चिकू झेलू लागल्या. कच्चे झेलले, गुण गेले. पिकलेले झेलले, गुण आले. गेमच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, डहाणूच्या बाईंना चिकूसुद्धा कळत नाही का? बाईंनी ते वाचलं आणि फोन परत दिला.

“माझं नाव काढायला सांग त्याला.”

“बाई, त्याच नावासाठी तर—”

“त्या गेमवरचं काढ. हा माझा नाही.”

आणि त्यांचा होता तो आता उरलेला नाही, हे त्या बोलल्या नाहीत. ओळी आठवतात का, असं मी घाबरत विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

पत्राचा पहिला मसुदा बाईंनी वाचला आणि फाडला. दुसराही फाडला. “भांडण नको लिहूस. विनंती लिही.” त्या माणसाला विनंती. मी त्यांच्या ओट्यावर बसून चौथ्या कागदावर ‘कृपया’ लिहिलं आणि बाई शेजारी बसून अक्षर बघत होत्या.

पत्र जाऊन तीन आठवडे झाले. त्याचं उत्तर आलेलं नाही, येणारही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. बाईंचा रोज सकाळी फोन येतो.

“काढलं का गं त्याने?”

“अजून नाही, बाई.”