कंबरेचा रिपोर्ट

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नायक होतो आणि आमची प्लाटून उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर होती. रोज सकाळी सहाला वायरलेसवर खाली कंपनीला रिपोर्ट जायचा; ज्याची पाळी, तो द्यायचा. माणसं किती, दारूगोळा किती, आणि शेवटी 'सब ठीक'. अंगात ताप असला तरी 'सब ठीक'. तसं न म्हणणाऱ्याला खाली पाठवत आणि त्याची ड्यूटी दुसऱ्याच्या माथी बसे.

रॉकेलचा जेरिकॅन घेऊन चढताना मी घसरलो आणि कंबरेवर आपटलो. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्सनायक सदाशिव मोरे, साताऱ्याकडचा. त्याने मला पाठुंगळी घेतलं आणि चार तास चालून खाली पोचवलं. "जड आहेस रे भातखाऊ," एवढंच वाटेत बोलला.

सहा आठवडे मिलिटरी हॉस्पिटल, मग सिक लीव्हवर खाडीकाठी, नायगावला घरी. त्यानंतर मेडिकल बोर्ड. पास झालो तर पलटण, नाहीतर कायमचं घर. हॉस्पिटलातल्या हवालदाराने व्यायाम शिकवला होता. उताणं पडून गुडघे वाकवायचे, कंबर सावकाश उचलायची, दहा मोजून खाली. मग पालथं पडून एकेक पाय. दिवसातून दोनदा. वाकून वजन उचलायचं नाही, पाय बधिर झाला तर लगेच सांगायचं. मी उतावीळ, दिवसातून पाचदा करायचो. डावा पाय बधिर व्हायचा. कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात प्लाटूनमधून पत्र आलं. सदा गेला. मला वाहून नेल्यापासून त्याची पाठ धरली होती. दोरावर चढताना उसण भरली आणि हात सुटला. पत्र वाचून मी हादरलो. रात्री झोप येईना. तरीही पायाचं कोणाला बोललो नाही.

अमावास्येच्या उधाणाला, सकाळी दहाच्या सुमारास, खाडीचा बांध फुटून खांड पडली. खारं पाणी भाताच्या शेतात शिरलं की जमीन गेली. अशा वेळी गावातला प्रत्येक पुरुष बांधावर जातो. रांग लागते आणि चिखलाची ढेकळं हातोहात खांडीपर्यंत पोचतात.

बाबांनी विचारलं, "कंबर कशी हाय तुजी?"

"ठीक हाय."

"मंग चल."

फौजी म्हणून मला खांडीच्या तोंडाशी उभं केलं. पाणी कमरेएवढं. वीसेक ढेकळं गेली आणि डावा पाय नाहीसा झाला. दुखला नाही, नाहीसाच झाला. पाणी खांडीकडे ओढत होतं. ढेकूळ आलं, मी घेतलं, पुढे दिलं. बोललो तर गावाला कळणार, मग बोर्डालाही कळणार. पोस्टवर गोळीबार झाला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो. पाणी छातीला लागलं. सदाचा हात सुटताना त्याला असंच वाटलं असेल, असं मनात आलं आणि मी ओरडलो, "बाबा, पाय गेला माजा."

"रांग मोडू नका," बाबा आधी इतरांना म्हणाले. मग काखेत हात घालून त्यांनी मला बांधावर ओढलं. माझ्या जागी शेजारचा माणूस शिरला.

"कदीपासून?"

"हास्पिटलातून आलो तवापासून."

"मंग ठीक हाय कशाला बोललास?"

दुपारी एकला खांड बुजली.

पुढे दिवसातून दोनदाच व्यायाम केला. बाबा शेजारी बसून दहा मोजायचे. बोर्डासमोर डॉक्टर मेजरसाहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" 'सब ठीक' जिभेवर आलं होतं.

"सर, बायाँ पैर सुन्न हो जाता है."

लो मेडिकल कॅटेगरी मिळाली. पलटणीत राहिलो, पण चढाई बंद, काम स्टोअरमध्ये. वर्षभरात पाठ सुधारली. पोस्टवर मात्र परत गेलो नाही.

पलटणीत आल्यावर मी पोस्टवरून खाली आलेल्या वायरलेसच्या जवानाला विचारलं, सदा पडला त्या सकाळी रिपोर्ट कोणी दिला होता. सदानेच, तो म्हणाला. एका हाताने कंबर धरून उभा होता. 'सब ठीक' म्हणाला आणि दोर घेऊन निघाला.