दाराशी लावलेला शेर

वहिनी गेल्याचं अण्णांचं कार्ड जव्हारच्या कचेरीत माझ्या हाती पडलं, तेव्हा मी कसलीशी नक्कल करत होतो. कार्ड वाचलं, पालथं ठेवलं आणि नक्कल पुरी केली... माणूस असा दगड कसा होतो, कोण जाणे. श्रावणापासून हिवतापाने त्यांना पोखरून काढलं होतं, तरी त्या अशा जातील असं माझ्या मनात आलं नव्हतं. भेटायला आलेले लोक त्यांच्या हातच्या नाचणीच्या भाकरीबद्दल बोलले, आल्यागेल्याला त्या कशा जपत त्याबद्दल बोलले. ते सगळं खरंच आहे. पण मला वहिनींबद्दल लिहायचं म्हणजे एका झाडाबद्दल लिहावं लागतं, आणि ते झाड मी आणलं होतं.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी माझे थोरले भाऊ अण्णा सूर्यमाळला शाळामास्तर म्हणून गेले. वहिनींना बागेचा भारी सोस. सूर्यमाळला मात्र उन्हाळ्यात झऱ्यावरून एक हंडा आणायला अर्धी सकाळ जायची, तिथे तुळससुद्धा जगेना. इकडे जव्हारला एका बड्या अधिकाऱ्याचा बंगला ओस पडला होता. माळ्याचा पगार बंद झाला, गुलाब वाळले, केळी आडव्या झाल्या. हिरवा राहिला होता तो एकटा शेर. पान नाही, काटा नाही, नुसत्या पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या कांड्या. मला वाटलं, वा, हेच झाड वहिनींचं! माळ्याने जाताजाता सांगितलं की फांदी चार दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यायचा, मग मुरमात रोवायची आणि पाणी अजिबात घालायचं नाही. तसंच केलं. घरामागे, अंघोळीच्या दगडापासून चार पावलांवर मीच ती फांदी रोवली. फार शहाणा होतो मी तेव्हा.

पाड्यावरची काशी वहिनींच्या सोबतीला पाण्याला जायची. तिने फांदी पाहिली आणि हंडा खाली ठेवला. "बाय, यो दाराशी नको. आमी यो लांब बांधावर लावताव. याचा चीक ओहोळात टाकला का मासं आंधळं होऊन वर येतात." अण्णा हसले. मास्तर माणूस, त्यांना काशीकडून काय शिकायचं? मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत, पण मी हौसेने आणलेली वस्तू उपटून टाकायची त्यांना भीड पडली. तेव्हा ती फांदी दोन बोटांनी उपटून आली असती.

शेर जगला, नको इतका जगला. सूर्यमाळचा पाऊस त्याला कुजवील म्हणून अण्णांनी बुडाशी दगडगोट्यांचा ओटा रचला, पाणी निघून जाईल असा चर काढला. सगळा डोंगर करपलेला असताना घरामागे तेवढंच हिरवं दिसायचं, म्हणून अण्णांना त्याचा अभिमान. चौथ्या उन्हाळ्यात तो पागोळ्यांच्या वर गेला आणि अंगणावर कलला. वाऱ्याने कांड्या मोडून पडायच्या आणि पडल्या जागी पांढरा चीक ठिबकायचा. वाळत घातलेलं लुगडं काढताना एकदा वहिनींच्या मनगटाला लागला, तर आठ दिवस फोड. "भावोजी, बरी सवत आणलीत हो माझ्यासाठी," असं त्या मला म्हणायच्या. थट्टाच होती, पण बोलताना नजर झाडावर असायची. तोडायचं म्हटलं तर पाड्यातला एक माणूस कोयता लावायला तयार नव्हता. जेवढं झाड मोठं, तेवढा त्याच्यात चीक जास्त. अण्णा म्हणायचे, बघू पावसाळ्यानंतर. असे दोन पावसाळे गेले.

मग सुमी झाली. ती रांगायला लागली आणि वहिनींचं पत्र आलं. एरवी त्यांचं पत्र ख्यालीखुशालीचं असे, हे चार ओळींचं होतं. पोरगी सारखी मागच्या दाराकडे जाते, कांड्या तोंडात घालील, हे मनावर घेत नाहीत, तुम्ही होळीला या आणि झाड तोडून द्या. तुम्हीच लावलंय, असं त्यांनी लिहिलं नव्हतं.

मी निघालो. मोखाड्यापर्यंत गेलो, पिशवीत नवा कोयता होता. तिथे चहा प्यायला बसलो, तर समोरच्या बाकावर एक जंगलराखा. त्याचा एक डोळा पांढराफटक. कशाने झालं म्हणून मी सहज विचारलं. तो म्हणाला, "शेर." मग चहा पीत राहिला... मी तिथूनच परत फिरलो. घरी येऊन वहिनींना लिहिलं की रजा मिळाली नाही. रजा मिळाली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी धुळवडीपर्यंत वाट पाहिली. मग अण्णा शाळेत असताना सुमीला काशीच्या झोपडीत ठेवलं, तोंडाला पदर गुंडाळला आणि एकटीने झाड तोडलं. पदर चिकाने भिजला आणि चीक आत झिरपला. काशीने पाणी ओतलं, शेळीचं दूध घातलं, दुसऱ्या दिवशी डोलीतून मोखाड्याच्या दवाखान्यात नेलं. डावा डोळा वाचला. उजवा गेला तो गेलाच. मी बघायला गेलो तेव्हा पट्टीखालून हसत म्हणाल्या, "बरं झालं भावोजी, तुम्हाला रजा मिळाली नाही ते. तुमचं लिहिण्याचं काम, डोळ्यांवर पोट." त्या मनापासून बोलल्या होत्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांचे पाय धरले असते.

तेराव्याला मी सूर्यमाळला होतो. जेवणं उरकल्यावर मागच्या अंगणात गेलो, तर तोडलेल्या बुंध्यावर सात-आठ नवे कोंब, गुडघ्याएवढे. मला वाटलं होतं झाड त्याच दिवशी मेलं. ते कधीच मेलं नव्हतं. वहिनी दर महिन्याला नखाएवढे कोंब खुडत असणार, वर्षानुवर्षं, एका डोळ्याने. त्या अंथरुणाला खिळल्या आणि ते वाढले. अण्णा ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी कोयता शोधला, बाह्या खाली ओढल्या आणि वाकलो. पाठीमागे भांडं वाजलं. सुमी पाण्याचा तांब्या घेऊन पाच पावलांवर येऊन उभी राहिली होती. आता सात वर्षांची आहे. मी तिला आत जा म्हणून ओरडलो, पण ती हलली नाही. आई तोडायची तेव्हा मी इथंच पाणी घेऊन उभी राहायची, म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "काका, तुमचे हात कापतायत."

मी पहिल्या कोंबाला कोयता लावला.

"आईचे पण कापायचे," ती म्हणाली.