आठ सेकंदांचं पाणी

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. गावाच्या लेखी तो ‘हलूनका’. स्टुडिओतल्या गोल स्टुलावर तान्हं मूल बसो की निवृत्त न्यायाधीश, तीस वर्षं त्याचा एकच हुकूम: “हलू नका!” दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसू नको, मान सरळ. पासपोर्टचे फोटो म्हणजे असेच.

आणि अशा माणसाला वेड लागावं कशाचं? तर जे क्षणभर गप्प बसत नाही त्या पाण्याचं! सुट्टी मिळाली की स्वारी टेकडीवरच्या झऱ्यापाशी. शटर झटकन उघडून मिटलं, सेकंदाच्या हजाराव्या भागात, की थेंबन् थेंब हवेत लटकतो. सावकाश मिटलं की तेच पाणी दुधावरच्या सायीसारखं मऊ. “घाई केली की पाणी फुटतं, दम धरला की जुळतं,” असं तो बायकोला सांगायचा, आणि ती म्हणायची, “दम धरून आधी तो नळ दुरुस्त करा.”

झऱ्याच्या खालच्या अंगाला त्याच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका. तिची सगळी रोपं त्याच पाण्यावर. दोन वर्षांपूर्वी टेकडीच्या माथ्यावर बाटल्यांत पाणी भरणारा कारखाना आला आणि झरा रोडावत गेला. त्याच हिवाळ्यात यानं तिपाई रोवली, भिंगावर उजेड अडवणारी काळी काच चढवली आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवलं. करंगळीएवढी धार कातळावरून इकडून तिकडे उड्या मारत होती. आठ सेकंदांत तिनं सगळा कातळ रंगवून काढला. फोटोत पांढराशुभ्र पडदा! पाणीखात्यानं तो आपल्या कॅलेंडरवर छापला. ताईनं कॅलेंडर शेडमध्ये टांगलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटली, “माझ्या भावानं काढलाय.”

यंदा रोपं माना टाकायला लागली तेव्हा तिनं पाणीखात्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: ‘सोबतच्या छायाचित्रावरून झऱ्यास मुबलक पाणी असल्याचे दिसते. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

सोबतचं छायाचित्र त्याचंच.

तो तडक कचेरीत.

“साहेब, हे आठ सेकंदांचं पाणी आहे हो.”

“म्हणजे?”

“शटर तेवढा वेळ उघडं होतं. जेवढं पडलं, तेवढं सगळं एकाच फोटोत बसलं.”

“पण पडलं ना?”

“पडलं.”

“तुम्ही बादलीनं तर ओतलं नाहीत?”

“छे हो!”

“मग फोटो खरा.”

“खराच आहे, पण...”

दुसऱ्या दिवशी तो त्याच धारेचा, सेकंदाच्या हजाराव्या भागात काढलेला फोटो घेऊन गेला. साहेबांनी चष्मा वर केला.

“हा बिघडलाय. नुसते ठिपके. तीस वर्षं हेच करता ना तुम्ही?”

“साहेब, यात बघा, धार किती बारीक आहे...”

“पाणी असं हवेत लटकलेलं कधी पाहिलंय तुम्ही? डोळ्यांनी?”

नव्हतं पाहिलं. कुणीच पाहिलेलं नसतं.

“मग तुम्हीच येऊन बघा ना एकदा.”

“आलो असतो हो. पण फाइल बंद झाली. बंद फाइलीवर पाहणी निघत नाही.”

संध्याकाळी तो शेडमध्ये शिरला आणि गुपचूप कॅलेंडर खिळ्यावरून काढायला लागला.

“खबरदार हात लावशील तर!” ताई मागेच उभी.

“ताई, याच्यामुळेच गेला ना तुझा अर्ज.”

“वाचता येतं मला.”

“मग चार शिव्या तरी घाल.”

“घातल्या असत्या. पण फोटो चांगला आलाय रे मेल्या.” मग कोमेजलेल्या रोपांचा एक ट्रे उगाचच सावलीत सरकवत म्हणाली, “उद्या परत काढ. तसाच.”

सकाळी दोघं झऱ्यावर गेली. शेवाळात तिपाईचे तीन जुने खड्डे अजून होते. त्यानं तिपाईचे पाय त्यांतच रोवले. काळी काच, आठ सेकंद. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काळा कातळ आणि त्यावर दोन पांढरे ओरखडे. पंधरा सेकंद. ओरखडे जरा जाड झाले. तीस. कातळ काही भरेना.

“अजून उघडं ठेव,” ताई म्हणाली.

“काय उपयोग, ताई? कोण बघणार आहे?”

“मी बघणार आहे ना.”

त्यानं दुसरी काळी काच पहिलीवर चढवली, कॅमेऱ्याच्या वायरचं बटण दाबलं आणि शटर उघडं राहावं म्हणून दाबूनच ठेवलं. ताई शेजारी पदर खोचून उभी होती आणि पुटपुटत आकडे मोजत होती. साठ झाले. नव्वद झाले. त्याचा अंगठा बधिर व्हायला लागला.

“सोडू का गं?”

“हलू नकोस,” ती म्हणाली. “भरला की सांगते.”

तिची नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. ती कातळाकडे बघत होती. त्यानं अंगठा तसाच दाबून धरला.