लॉबीतली झाडं सुखरूप आहेत

बर्फ आठवड्याभरात वितळला, किस्से मात्र अजून साचतायत. टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या ऑफिसात लंचला कुणी नुसतं 'वीकेंडला थंडी पडणार म्हणे' म्हटलं, की झालं सुरू. नवीन आलेली मुलं हसतात. आम्हीही हसतो, कारण हे सांगताना हसायची आता सवय लागली आहे. पण खरं सांगू? मला अजून संताप येतो.

आधी माणसं सांगतो. शिरीष माझ्या टीममधला, नऊ वर्षं उत्तरेतल्या बर्फाळ शॉमबर्गला काढून इकडे आलेला. सुप्रिया नागपूरची, आमचीच टेस्टर, तेव्हा अकरा दिवसांची बाळंतीण. तिचा नवरा बेलव्ह्यूला क्लायंटकडे गेलेला, फ्लाइट कॅन्सल होऊन तिकडेच अडकला. घरात ती, बाळ आणि बाळंतपणाला आलेली तिची आई. त्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो. त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांचा जीव त्या बाळात होता. बाकीच्या गमतीजमती त्याच्या आजूबाजूच्या.

*

शिरीषला टेक्सासच्या लोकांचं फार हसू यायचं. इथे बर्फाचा नुसता अंदाज आला तरी शाळा बंद आणि दुकानातला ब्रेड गायब. "यार, शॉमबर्गला आम्ही याच्या दुप्पट बर्फात डोहाळजेवणाला जायचो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तिकडून आणलेलं बर्फाचं फावडं त्याने गॅरेजमध्ये खिळ्याला मानाने टांगून ठेवलं होतं.

रविवारी बर्फ पडला, तसा हा आम्हाला दाखवून द्यायला गाडी काढून दूध आणायला गेला. दीड तासाने चालत परत आला. गाडी पहिल्याच फ्लायओव्हरच्या कठड्याला टेकली होती. दूध अर्थातच नव्हतं.

"तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात रे," एवढंच म्हणाला आणि बूट काढायला बसला.

*

मग लाइट गेले. थोड्या वेळात येतील असा मेसेज आला. तोच मेसेज तीन दिवस येत राहिला.

आमचा हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा विजेवर. घर घेताना दोन मजले उंच सीलिंग बघून मी खुळावलो होतो. आता सगळी ऊब त्या सीलिंगकडे निघून गेली. शेवटी घरातली सर्वांत लहान, बिनखिडकीची जागा शोधली, ती म्हणजे कपड्यांचं वॉक-इन क्लोझेट. एवढं मोठं घर घेतलं आणि कुटुंब कपाटात राहिलं. सुप्रियाचं अपार्टमेंट दोन गल्ल्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी मी आणि शिरीष चालत जाऊन तिला, मावशींना आणि बाळाला घेऊन आलो. मावशींनी बाळ पदराखाली छातीशी धरलं होतं आणि वरून दोन ब्लँकेटं.

माझा सात वर्षांचा मुलगा बायकोच्या साड्यांखाली बसून मला म्हणाला, "बाबा, आर वी पुअर नाऊ?"

बायको हसली. मला काही हसू आलं नाही.

*

फोन चार्ज करायला ड्राइव्हवेतल्या गाडीत बसायचं, तर तिथेच रोजच्या आढाव्याचा स्टँड-अप कॉल. पुण्याच्या टीममधल्या मुलीने काळजीने विचारलं, "सर, इन्व्हर्टर नाही घेतला?" ती चेष्टा करत नव्हती. तिच्या सोसायटीत सगळ्यांकडे आहे.

आमचा मॅनेजर कॅलिफोर्नियात राहतो. त्याने सांगितलं की कुटुंब आधी, काम नंतर. मग जरा थांबून विचारलं, "पण स्टेटस ग्रीन आहे ना?"

ग्रीन, म्हणजे काम सुरळीत, मी म्हणालो. ग्रीन, शिरीष म्हणाला. त्याच सकाळी त्याच्या माळ्यावरचा पाण्याचा पाइप फुटून हॉलचं सीलिंग सोफ्यावर येऊन पडलं होतं. पण व्हिसावरचा माणूस स्टेटस रेड म्हणत नाही. याची मला आजही लाज वाटते.

*

ते फावडंही शेवटी कामाला आलं. आमचं पाणीही बंद झालं, तेव्हा आमच्याकडेच येऊन राहिलेला शिरीष अंगणातला बर्फ फावड्याने बादलीत भरायचा. तो वितळला की टॉयलेटमध्ये ओतायचा. नऊ हिवाळ्यांचा अनुभव असा कामी आला. आमच्यात सगळ्यात जास्त हशा याच किश्शाला मिळतो.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडायचं थांबलं. दूधही नीट ओढेना. मावशी त्याचे तळपाय चोळत होत्या. मदतीच्या नंबरावर नुसतं म्युझिक वाजत होतं. निवारा म्हणून उघडलेला हॉल पाइप फुटून बंद झाला होता. गाडीत बसवून ऊब द्यावी, तर टाकी तळाला गेलेली आणि विजेअभावी पेट्रोल पंपही बंद.

तेवढ्यात फोनवर ऑफिसचा मेल आला. कळवण्यास आनंद होतो, की आपल्या बिल्डिंगची वीज अखंड सुरू आहे, आतलं तापमान बहात्तर अंश फॅरेनहाइट आहे आणि लॉबीतली सगळी झाडं सुखरूप आहेत. आपल्या सुरक्षिततेसाठी कृपया कुणीही ऑफिसला येऊ नये.

सुप्रियाने मावशींना मेलचा अर्थ सांगितला. मावशी उठल्या आणि बाळाला आणखी एका शालीत गुंडाळायला लागल्या. "चला," म्हणाल्या.

*

माझी गाडी शिरीषने चालवली, तळाशी उरलेलं पेट्रोल पुरावं म्हणून हीटर बंद ठेवून आणि या वेळी बैलगाडीच्या वेगाने. एरवी दहा मिनिटांचा रस्ता, पाऊण तास लागला. पोहोचलो तर चारही मजले भर दुपारी लखलखत होते. आत चिटपाखरू नाही. पार्किंगमध्ये एकच पिकअप ट्रक, इंजिन चालू असलेला.

मी दाराच्या यंत्राला ओळखपत्राचा बॅज लावला, लाल दिवा. शिरीषने लावला, लाल दिवा. काचेपलीकडे आमचा नेहमीचा गार्ड उभा, त्याच्यामागे ती हिरवीगार झाडं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. सुप्रियाने शाल बाजूला करून बाळ काचेसमोर धरलं.

गार्डने बाळाकडे पाहिलं, मग वर कॅमेऱ्याकडे. दार उघडून तो स्वतःच बाहेर आला आणि दार मागे लागू दिलं. आम्हाला त्या ट्रककडे घेऊन गेला.

ट्रकमध्ये हीटर चालू होता. मागच्या सीटवर दोन मुली, आठ-दहा वर्षांच्या, एका ब्लँकेटमध्ये. गार्डने, त्यांच्या बापाने, सांगताच त्या सरकल्या. मावशी बाळाला घेऊन मध्ये बसल्या, सुप्रिया पुढे. मी आणि शिरीष दाराशी उभे राहिलो. वीसेक मिनिटांनी बाळाने पाय झाडले आणि जोरात भोकाड पसरलं. सुप्रियाही रडायला लागली.

मावशींनी डोळे पुसले. मग त्या दोन मुलींकडे बघितलं, त्या लखलखत्या बिल्डिंगकडे बघितलं आणि सुप्रियाला म्हणाल्या, "विचार बरं त्याले, हा आतमध्ये ड्यूटी करते, मग याच्या पोरी इथं बाहेर काहून बसल्या?"

सुप्रियाने विचारलं.

"त्यांच्याकडे बॅज नाही, मॅम," गार्ड म्हणाला.